आधी खड्डे बुजवा, मग हेल्मेट!

उपनगरातल्या माणसाला हेल्मेटबद्दल विचारलं की तो उत्तर देत नाही, अट घालतो. "आधी खड्डे बुजवा, मग हेल्मेटचं बोला." मुलुंडच्या पाच रस्त्यावर हेच, घाटकोपरच्या पंतनगरात हेच, बोरिवलीत शिंपोलीला हेच. साकीनाक्याच्या कोंडीत तर सिग्नल सुटेपर्यंत हे वाक्य चार तोंडांतून ऐकून होतं. म्हणणाऱ्याचं काही जात नाही. सरकारला झापल्याचं समाधान मिळतं आणि हेल्मेट आरशाला लटकलेलंच राहतं.

पलीकडे पालिकेचंही वाक्य तयार असतं. खड्ड्यात कोणी गेला की ते बाहेर येतं : "मयताने हेल्मेट घातलेलं नव्हतं." पोलिसांच्या कागदावर 'भरधाव वेग', पालिकेच्या कागदावर 'हेल्मेट नाही', कंत्राटदाराच्या कागदावर 'अतिवृष्टी'. भर पावसात सगळ्यांचे कागद मात्र कोरडे ठणठणीत.

ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरोधात आहेत असं आपल्याला वाटतं. मला तसं मुळीच वाटत नाही. दोघांचा उद्योग एकच : माझ्या वाट्याचं काम मी करणार नाही, कारण तू तुझं केलेलं नाहीस. 'आधी तू'चा हा खेळ वर्षानुवर्षं सुखाने चालला आहे. खेळणाऱ्यांना काही होत नाही. मधल्यामध्ये कुणाचं तरी डोकं फुटतं, कुणाचा तरी मणका मोडतो.

पुरावा हवा असेल तर लांब जायला नको. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, २८ जुलै २०१५. भाजीचा धंदा करणारे मरोळचे दादाराव बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा चुलतभावाच्या मोटरसायकलवर मागे बसला होता. पावसाचे दिवस, रस्त्यात खड्डा, खड्ड्यात पाणी. गाडी त्यात गेली आणि दोघं फेकले गेले. चालवणाऱ्या भावाच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तो वाचला. मागे बसलेल्याच्या डोक्यावर नव्हतं. मेंदूला मार लागून तो गेला. बापाने नंतर घमेलं-फावडं उचललं आणि बांधकामांवरचं डेब्रिज आणून स्वतःच्या हाताने शेकडो खड्डे भरले. त्यांचे फोटो छापून आले, 'पॉटहोल दादा' असं नाव पडलं, सत्कार झाले. ज्यांनी ते खड्डे भरायचे होते त्यांनीही टाळ्या वाजवल्या असतील.

त्या घटनेकडे नीट बघा. एकच खड्डा, एकच गाडी, एकच पाऊस, एकच वेग. डोकी दोन. खड्डा बुजलेला नसतानाच हेल्मेटने एक डोकं वाचवलं, तेव्हा 'आधी खड्डे, मग हेल्मेट'वाल्यांनी गप्प बसावं. आणि तिथे खड्डा नसता तर दुसरं डोकंही वाचलं असतं, हेल्मेट असो की नसो. तेव्हा 'हेल्मेट नव्हतं'वाल्यांनीही तोंड मिटावं. चांगला रस्ता हा घटनेच्या २१व्या कलमाखाली नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात सांगून ठेवलं होतं. दोन महिन्यांनी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर त्या हक्काचं काय झालं ते आपण पाहिलं.

बरं, खड्डे बुजले असं धरून चालू. अनेक रस्ते आता सिमेंट काँक्रीटचे झाले आहेत. खड्डेवाल्या रस्त्यावर माणूस वीसच्या वेगाने कंबर सांभाळत जातो. तोच रस्ता गुळगुळीत झाला की तोच माणूस रात्री साठ-सत्तरने सुटतो. शाळेत शिकलेलं विज्ञान आठवत असेल तर वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सांगतो की रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. म्हणजे खड्डे बुजल्यावर हेल्मेटची गरज संपत नाही, उलट वाढते. 'आधी खड्डे बुजवा' म्हणणारे महाशय खड्डे बुजल्यावर हेल्मेट घालतात का, हे त्याच काँक्रीटच्या रस्त्यावर रात्री अकरा वाजता उभं राहून मोजा. तेव्हा कारण नवं असतं : "काका, इथल्या इथेच तर चाललोय."

इथल्या इथे! डोकं काय अंतर बघून फुटतं?

कवटीच्या आत मेंदू द्रवात तरंगत असतो. गाडी थांबते, कवटी रस्त्यावर थांबते, मेंदू मात्र पुढे जातच राहतो आणि आतून कवटीवर आदळतो. कधी पुढे आदळून पुन्हा मागेही आपटतो. हेल्मेटचं काम बाहेरच्या चकचकीत कवचात नाही, आतल्या थर्माकोलच्या जाड थरात आहे. तो थर चेपतो, चेपताना क्षणाचा काही अंश जास्त घेतो, आणि तेवढ्या अंशावर मेंदू वाचतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट टाकून द्यायचं असतं. म्हणूनच हनुवटीखालचा पट्टा लावायचा असतो, नाहीतर तुमच्या आधी हेल्मेटच उडून जातं. नीट घातलेल्या चांगल्या हेल्मेटने मृत्यूचा धोका सहा पटींहून जास्त कमी होतो आणि मेंदूच्या इजेचा धोका ७४ टक्क्यांपर्यंत घटतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एवढी स्वस्त लस दुसऱ्या कुठल्या रोगावर असती तर आपण रांगा लावल्या असत्या.

आपण काय करतो? पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेला दोरीवर टांगलेली हेल्मेटं विकत घेतो. मी एकदा तिथे थांबून विचारलं.

"दोनशेवाला देऊ की तीनशेवाला?"

"फरक काय?"

"तीनशेवाल्यावर आयएसआयचा स्टिकर आहे."

मी आत बोटं घालून पाहिलं. प्लास्टिकच्या टोपल्याला पातळ स्पंज चिकटवलेला, त्यावर काळं कापड. थर्माकोलचा पत्ता नाही. तसं म्हटल्यावर विक्रेता समजुतीच्या सुरात म्हणाला, "साहेब, पोलीस आतमध्ये बघत नाही."

आपलं सगळं रस्ता सुरक्षा धोरण त्या एका वाक्यात आलं. आयएसआय नसलेलं हेल्मेट विकायला १ जून २०२१पासून देशभर बंदी आहे. बंदी दिल्लीच्या राजपत्रात, दोरी मुलुंडच्या झाडाला. नवी दुचाकी घेताना कंपनीने हेल्मेट द्यायचं, हा नियमही केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. शोरूममध्ये गाडीची पूजा होते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, फोटो निघतो. हेल्मेटचं नाव निघालंच तर ते बिलापुरतं.

आता शाळेच्या फाटकावर या. आमच्या मुलुंडात कुठल्याही शाळेसमोर सकाळी साडेसहाला उभं राहिलं तरी चालेल. स्कूटर येते. बाबाच्या डोक्यावर हेल्मेट असतं, कारण ई-चलन बाबाच्या नावावर येतं. मागे आई, बोडकी, कारण तिचं चलन क्वचित येतं. आणि पुढे दोन आरसे धरून उभं राहिलेलं पहिलीतलं पोर, त्याच्या डोक्यावर शाळेची टोपी. घरातलं सगळ्यात मऊ डोकं सगळ्यात पुढे आणि सगळ्यात उघडं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवं, असं मोटार वाहन कायद्याचं १२९वं कलम सांगतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना हेल्मेट, गाडीवाल्याशी बांधणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, हा नियम फेब्रुवारी २०२३पासून लागू आहे. पोराच्या गणिताच्या क्लासला वर्षाला हजारो रुपये मोजणाऱ्या आई-बापांनो, ते गणित जिथे शिरणार आहे ती जागा कधी झाकणार?

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं, असं मुंबई वाहतूक पोलिसांनी मे २०२२मध्ये जाहीर केलं. ५०० रुपये दंड, तीन महिने लायसन्स निलंबित. तेव्हा केवढी ओरड झाली! जणू कोणी नवा जिझिया कर लावला. त्याच २०२२ साली देशात हेल्मेट नसताना मेलेल्यांची सरकारी संख्या ५०,०२९ आहे. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. मागे बसणारा हा फक्त सामान नसतो, एवढं समजायला आपल्याला आणखी किती तिरड्या हव्यात?

जगाने हा धडा कधीच गिरवला आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ज्याच्यावर सिनेमा निघाला तो टी. ई. लॉरेन्स मे १९३५मध्ये इंग्लंडात मोटरसायकलवरून पडला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स नावाचा तरुण मेंदूशल्यविशारद होता. तो हळहळून थांबला नाही. मोटरसायकलवाल्यांच्या डोक्यांच्या जखमांचा त्याने अभ्यास मांडला, १९४१ साली तो छापला आणि त्यातून ब्रिटिश लष्कराच्या निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. सगळ्या ब्रिटनला कायदा यायला १९७३ उजाडलं, म्हणजे तिथेही माणसं आपल्यासारखीच हट्टी होती. पण व्हिएतनाम बघा. दुचाक्यांचा देश, रस्ते आपल्यापेक्षा फार सरस नाहीत. १५ डिसेंबर २००७ रोजी सक्ती लागू झाली आणि हेल्मेट घालणाऱ्यांचं प्रमाण बघता बघता नव्वद टक्क्यांच्या वर गेलं. आधी सगळे खड्डे बुजवून मग त्यांनी कायदा केला नाही.

आपल्या राज्याने काय केलं? जुलै २०१६मध्ये तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी विधिमंडळात 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी गर्जना केली. पंपवाले बिथरले, दुचाकीवाले बिथरले आणि ऑगस्टचा पंधरवडा उलटायच्या आत गर्जनेचं मांजर झालं. २०१९मध्ये संसदेने दंड वाढवले. सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राने ते अडवून धरले. ऑक्टोबरमध्ये विधानसभेचं मतदान होतं, हा निव्वळ योगायोग मानायचा असेल त्यांनी मानावा. दंड लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. मधल्या दोन वर्षांत फुटलेली डोकी कुठल्या पक्षाच्या खात्यावर टाकायची? पुण्यात तर जानेवारी २०१९मध्ये हेल्मेटसक्तीच्या विरोधात पगड्या घालून मोर्चे निघाले. मुंबईकर त्यावर फिदीफिदी हसले. पुणेकर निदान रस्त्यावर येऊन सांगत होते की घालणार नाही. आपण तोंडाने हो म्हणतो आणि हेल्मेट कोपरात घालून फिरतो. कोपराला मेंदू असता तर मुंबई जगात सर्वांत सुरक्षित ठरली असती.

चारचाकीवाल्यांनी इतक्यात हसू नये. ३ जून २०१४, दिल्ली. केंद्रात मंत्री होऊन आठ दिवस झालेले गोपीनाथ मुंडे विमानतळाकडे निघाले होते. गाडीत मागे बसलेले, पट्टा नाही. चौकात दुसरी गाडी बाजूने धडकली. मानेच्या मणक्याला आणि यकृताला मार बसला आणि अख्ख्या महाराष्ट्राचा नेता सकाळी सकाळी गेला. मुंडेंनी पट्टा लावला असता तर ते वाचले असते, असं खुद्द तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन म्हणाले. महाराष्ट्र रडला, बीड पेटलं, चौकशीची मागणी झाली. पण मागच्या सीटवर पट्टा लावायला कोणी शिकलं नाही. आठ वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२ला, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची आलिशान गाडी कठड्याला धडकली. पुढे बसलेले दोघं वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. दोघांनीही पट्टे लावलेले नव्हते. मग १ नोव्हेंबरपासून मुंबईत सगळ्या प्रवाशांना पट्टा सक्तीचा झाला. बैल गेला आणि झोपा केला, तोही तेरड्याच्या रंगाचा.

आज अंधेरी स्टेशनबाहेरून टॅक्सी पकडा आणि मागे पट्टा शोधा. पट्टा सापडेल, पण तो ज्यात अडकवायचा ते बक्कल सीटच्या कव्हरखाली गाडलेलं असेल. नवं कोरं रेक्झिन, त्यावर फुलाफुलांचं डिझाइन आणि खाली कायमचं पुरलेलं बक्कल. मी हात घालून ते उकरायला लागलो की चालक आरशातून बघून म्हणतो, "मागे कोण लावतं साहेब?" मुंडे, मिस्त्री ही नावं त्याला माहीत असतात. लावायचं कशाला, ते मात्र त्याला कोणीच सांगितलेलं नसतं.

मरणाची निदान बातमी तरी होते. जो जगतो त्याचं काय? मानेतला मज्जारज्जू बोटाएवढ्या जाडीचा असतो आणि एकदा तुटला की पुन्हा जुळत नाही. बरेचदा उरलासुरला घात आपणच करतो. जमाव धावतो, दोघं हात धरतात, दोघं पाय, आणि मान लोंबकळत असलेल्या माणसाला रिक्षात दुमडून कोंबतात. दया खरी असते, पण त्या दयेने माणूस जन्माचा पांगळा होऊ शकतो. आग किंवा गाड्यांचा धोका नसेल तर त्याला हलवू नये, मान सरळ धरून ठेवावी आणि १०८ला फोन करावा, हे आपल्याला कुठल्या शाळेत शिकवलं? मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देऊ शकत नाहीत, असं मोटार वाहन कायद्याचं १३४-अ कलम आहे. तेही कुणाला ठाऊक नाही.

मग सायन, केईएम, कूपर, राजावाडी. मग घर. घर म्हणजे एसआरएच्या इमारतीतली तीनशे चौरस फुटांच्या आतली खोली. तिच्या दारातून व्हीलचेअर आत जात नाही, मोरीच्या उंबऱ्यावरून तर नाहीच. लिफ्ट बंद. पंचविशीचा पोरगा पलंगावर, दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची पिशवी, वॉटरबेड, फिजिओथेरपी. आईची धुण्याभांड्यांची कामं सुटतात, बहिणीचं कॉलेज सुटतं. एका मणक्याच्या मागे घरातली चार माणसं जायबंदी होतात आणि सरकारी तक्त्यात नोंद होते 'जखमी : एक'. मे २०२५पासून केंद्राची अपघातग्रस्तांसाठी रोकडविरहित उपचारांची योजना आहे : दीड लाखापर्यंत, सात दिवसांपर्यंत. योजना चांगली आहे, हवीच होती. पण आठव्या दिवसापासून पुढची चाळीस वर्षं त्या आईने काय करायचं, याची योजना कुठे आहे?

आणि पायी चालणाऱ्याला कुठलं हेल्मेट देणार आहात? २०२२ साली देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मेले. एलबीएस मार्गावर फुटपाथ दुकानाच्या पायऱ्यांत जातो, उरलेल्यावर बाइक उभ्या असतात, आणि म्हातारी माणसं भाजीची पिशवी घेऊन बसच्या पुढ्यातून चालतात. त्यांचं डोकं वाचवायचं तर गाडीचाच वेग उतरवावा लागतो. शाळा, बाजार, स्टेशन इथे ताशी तीसच्या वर जाताच येऊ नये असे रस्ते आखावे लागतात. नुसता फलक लावून वेग उतरत नाही. सदोष रस्ता बांधणाऱ्याला आणि आखणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या १९८-अ कलमाखाली दंड आहे, एक लाखापर्यंत. ऑक्टोबर २०२५मध्ये उच्च न्यायालयाने खड्ड्यात मेलेल्याच्या घरच्यांना सहा लाख द्यायला सांगितले आणि ते दोषी अधिकारी-कंत्राटदारांकडून वसूल करायला बजावलं. वसूल होतील त्या दिवशी मी स्वखर्चाने पेढे वाटेन.

तोवर माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक रस्त्यावर अभियंत्याचं आणि कंत्राटदाराचं नाव, दोषदायित्वाची तारीख, ठळक अक्षरात. 'हा रस्ता आमच्याकडे येत नाही' हे वाक्य कायमचं बंद. पूर्व आणि पश्चिम दोन्ही द्रुतगती मार्ग एमएमआरडीएकडून पालिकेकडे आल्यावर तर ते उच्चारायलाही लाज वाटायला हवी. पोलिसांनी हेल्मेटच्या आत बघावं, पट्टा लागला आहे का बघावं, मागच्याचं आणि पोराचं डोकं बघावं. शाळांनी बोडक्या पोराला फाटकातून आत घेताना बापाला दोन शब्द ऐकवावेत. वह्या कव्हर न घालता आणल्या की ऐकवतातच ना? टॅक्सीतली बक्कलं कव्हरखालून वर यावीत. यातल्या एकाही कामासाठी दुसऱ्याने त्याचं काम आधी करायची गरज नाही.

तरीही ज्याला 'आधी तुम्ही' म्हणायचंच आहे, मग तो दुचाकीवाला असो, अभियंता असो की मंत्री, त्याने एकदा सरकारी रुग्णालयात मेंदूशल्य विभागाच्या अतिदक्षता कक्षाबाहेर जावं. तिथल्या बाकावर बसलेल्या आई-बापांसमोर उभं राहावं आणि ते वाक्य मोठ्याने म्हणून दाखवावं. जमलं तर खुशाल बोडक्याने फिरा आणि खुशाल खड्डे ठेवा.